एक चूक आहे, शोध

उम्म अल हस्सम, मनामा
शुक्रवार, १६ नोव्हेंबर १९७९

रा. रा. जयप्रकाश नातू यांस,

आधी ‘प्रिय जया’ असं लिहिलं होतं, मग खोडलं. कागद उजेडात धरलास तर दिसेल. दिसू दे.

परवा बर्नार्ड सुटीवरून परत आला. हा वसईचा, इथल्या एका इस्पितळाच्या स्टोअरमध्ये काम करतो, माझ्या खोलीच्या वरच्या मजल्यावर बायकोसह राहतो. दर शुक्रवारी आम्ही दोघं चालायला जातो. सुटीवरून येताना त्यानं दादरच्या दुकानातून माझ्यासाठी एक पुस्तक आणलं. म्हणाला, “तू सारखा पुण्याच्या नद्यांनी माझं डोकं खातोस ना, घे तुझ्या नद्या.” आणि हातात काय ठेवलं? ‘पुण्याजवळच्या पाणवाटा’. लेखक, जयप्रकाश नातू. वा रे वा!

बावीस वाटा. बावीस नकाशे. मी एकेक पान उलटत गेलो आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला. खडकवासल्याच्या कडेनं अकरा हजार चारशे पावलं. कुणी मोजली रे ती? तू तर वाटेत भेटेल त्या गुराख्याशी गप्पा मारत बसायचास. मी तोंडातल्या तोंडात आकडे म्हणत पुढं चालायचो, आणि तू मागून हाक मारलीस की आकडा चुकायचा आणि मी परत मागच्या खुणेपर्यंत जायचो. अडुसष्ट ते चौऱ्याहत्तर, सहा वर्षांचे रविवार. मुळशीच्या जलाशयाला आपण तीन हिवाळे खर्च केले. ऑफिसात दिवसभर ट्रेसिंग करायचं आणि घरी येऊन पुन्हा तेच, पण आपल्या वहीसाठी. ती वही मी पंचाहत्तरच्या फेब्रुवारीत इकडं आखातात येताना तुझ्या हातात दिली. सांभाळ म्हणून दिली होती. छाप म्हणून नव्हे.

आणि प्रस्तावनेत काय? “नकाशांच्या कामी एका मित्राचे साहाय्य झाले.” एका मित्राचे! मला नाव आहे. शाळेच्या दाखल्यावर आहे, पासपोर्टावर आहे. रावजींच्या हाताखाली आपण दोघं एकाच दिवशी ड्राफ्ट्समन म्हणून लागलो तेव्हा हजेरीच्या वहीत तुझ्या वर माझं नाव होतं. मला एका शब्दानं विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का? म्हटलंही असतं कदाचित. पण विचारायचंस.

मी इथं काय करतो ते सांगतो, कारण तू कधी विचारणार नाहीस. ईसा टाउनला नवीन घरं होतायत, त्यांच्या सांडपाण्याचे नकाशे काढतो. नदी नाही, नाला नाही. पण झरा आहे एक, अधारी नावाचा. जमिनीतून गोडं पाणी वर येतं, खजुराच्या बागांमधून दगडी पाटानं पुढं जातं. त्या पाटाच्या कडेनं मी दर शुक्रवारी चालतो आणि पावलं मोजतो. बर्नार्ड हसतो. खोलीपासून झऱ्यापर्यंत किती पावलं होतात ते तुला सांगणार नाही, नाही तर तेही छापशील.

माझी मागणी एकच आहे. दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा मुखपृष्ठावर माझं नाव हवं. आत नाही, आभारात नाही. मुखपृष्ठावर. दुसरं काही नको.

सुनीताला हे पत्र दाखवलंस तरी चालेल. लग्नाच्या वेळी तिला भाऊ आहे हे तुम्ही दोघं विसरलात, माझ्या सुटीपर्यंत चार महिने तुम्हाला थांबवलं नाही. आता निदान तिचं माहेरचं आडनाव काय होतं ते तिच्या लक्षात येईल.

राजन मोडक

* * *

उम्म अल हस्सम
शुक्रवार, ७ मार्च १९८०

जयप्रकाश नातू यांस,

तुझा एरोग्राम मिळाला. किती शांत लिहितोस रे! तुझं हे शांत लिहिणं वाचलं की कपाळाची शीर उडते.

म्हणे अठ्ठ्याहत्तर साली मला दोन पत्रं घातली होतीस, पुस्तकाबद्दल विचारायला. उत्तर आलं नाही, मग संमतीशिवाय माझं नाव कसं छापणार? मोठा कायदेपंडित. पत्रं मला मिळाली नाहीत. इथलं टपाल पेटीतून येतं, कंपनीच्या पेटीत शंभर माणसांची पत्रं असतात, कुणी उचललं कुणी नेलं, काही ठिकाण आहे? मिळाली नाहीत म्हणजे नाहीत.

नाव टाकायला तू तयार आहेस. उपकार झाले. पण पुढची ओळ लिहायची काय गरज होती? “नकाशे मी पुन्हा काढून घेतले, कारण तुझ्या मूळ नकाशांत दोन चुका आढळल्या.” एक, पवनेच्या नकाशात उत्तर दिशेचा बाण तिरका. आणि दुसरी म्हणे वाट नववीत महादेवाचं देऊळ मी डाव्या तीराला दाखवलं, ते उजव्या तीराला आहे.

हे तू मला सांगतोस? पाटबंधारे खात्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात की पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून उभं राहायचं आणि मग डावा-उजवा तीर ठरवायचा. मी ते विसरलो असं तुला म्हणायचंय. सुनीतानंही वाचलं असेल ते. हसली असेल.

मी पुस्तक घेऊन बसलो. तीन शुक्रवार चालायला गेलो नाही. बर्नार्ड दार वाजवून गेला, “काय रे बाबा, मेलास का?” म्हणून. ओळ न् ओळ वाचली, प्रत्येक नकाशावर पट्टी ठेवली.

रावजी आठवतात? तुझा-माझा नकाशा पूर्ण झाला की हातात घ्यायचे, चष्मा कपाळावर, आणि कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं एक लहानसं वर्तुळ काढून परत द्यायचे. “एक चूक आहे. शोधा.” कुठं आहे ते कधी सांगायचे नाहीत. मग आपण जेवणाची सुटी सोडून पुन्हा सगळं तपासायचं.

तर या पत्राच्या कोपऱ्यात वर्तुळ पाहा. लाल पेन्सिल मिळाली नाही, बॉलपेननं काढलंय.

तुझ्या पुस्तकात एक चूक आहे, जयप्रकाश. देवळाबिवळाची नाही. पाण्याची आहे. जिथं माणूस पाय घालतो तिथली.

शोध.

राजन मोडक

* * *

उम्म अल हस्सम
शुक्रवार, १७ ऑक्टोबर १९८०

जयप्रकाश,

तुझी चार पत्रं आली. मिळाली, हो. तुझी सगळीच पत्रं मिळतात. आता कळलं असेल तर कळू दे.

उन्हाळ्यात बावीसच्या बावीस वाटा पुन्हा चाललास म्हणे. एप्रिलच्या उन्हात मुळशीला! पाणी ओलांडायचा प्रत्येक उतार काठी घालून मोजलास, गावकऱ्यांना विचारलंस, आणि चूक सापडली नाही. “राजन, कॉलेजची पोरं हे पुस्तक हातात धरून पाण्यात उतरतात. भांडण माझ्याशी आहे ना, मग पान सांग आणि मला हव्या त्या शिव्या दे.” वाचून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? पाच वर्षांत पहिल्यांदा तू माझ्याकडं काहीतरी मागत होतास.

आपल्या ऑफिसात मी तुझ्याकडं मागायचो. तू चांगलं लिहायचास, साहेबाला पत्र लिहायचं असलं की मी तुझ्या टेबलाशी. सुनीताच्या वेळीही तू तिला लिहीत होतास आणि पत्रं पोचवायला मी होतो. मूर्खासारखी पोचवली. मला वाटलं, वहीचं काम चाललंय.

एक गंमत सांगतो, म्हणजे मी इथं काय जगतो ते कळेल. गेल्या महिन्यात बर्नार्ड आणि मी सनाबिसच्या बाजूच्या किनाऱ्यानं गेलो. ओहोटी होती. इथं समुद्र इतका उथळ आहे की ओहोटीला मैलभर आत चालत जाता येतं, घोट्याएवढं पाणी, खाली पांढरी वाळू. मी मागच्या आठवड्यात त्याचा छोटा नकाशा केला होता, तो हातात. बर्नार्ड एकदम थांबला. पाण्याकडं बघितलं आणि म्हणाला, “यल्ला, चल, मागं फिर.” मी म्हटलं, अजून चाळीस मिनिटं आहेत, माझ्या हिशेबानं. तो म्हणाला, “तुझा कागद खिशात ठेव आणि पाय उचल.” मी ऐकलं नाही. आमच्या मागं एक खोलगट पट्टा होता, तिथं पाणी आधी भरलं. किनारा समोर दिसतोय आणि मध्ये छातीएवढं पाणी. बर्नार्डनं मला शर्टाला धरून ओढत आणलं. किनाऱ्यावर बसून तो वसईच्या भाषेत जे काही बोलला त्यातलं निम्मं मला कळलं नाही, निम्मं लिहिण्यासारखं नाही. घरी जोसेफीननं, त्याच्या बायकोनं, आम्हा दोघांना टॉवेल दिले आणि वर तीही बोलली. ती नर्स आहे, तिचं बोलणं बर्नार्डपेक्षा जास्त लागतं.

तर मुद्दा काय, मला पोहता येत नाही हे तुला माहीत आहे. तुला येतं.

चूक सापडली नाही म्हणतोस. कशी सापडेल? उन्हाळ्यात गेलास. ती उन्हाळ्यात दिसायची नाही. पाऊस चांगला लागल्यावर जा, ओढे भरल्यावर, मग दिसेल. आपण दोघं सहा वर्षांत पावसाळ्यात कधी गेलो नाही, घरून परवानगी नसायची, आणि तू तरी पुस्तकात “बारमाही वाटा” असं ठोकून दिलंयस. तेव्हा जा.

आणि सुनीताला सांग, मला तिचं पत्र नको. मध्ये पडू नकोस म्हणावं. हे नकाशाचं काम आहे.

राजन

* * *

उम्म अल हस्सम
शुक्रवार, ३ जुलै १९८१

जया,

या वेळी खोडलं नाही.

पाकीट उघडलं तर आत छपाईचा कागद, घडी घातलेला. दुसऱ्या आवृत्तीच्या मुखपृष्ठाचं प्रूफ. ‘पुण्याजवळच्या पाणवाटा. राजन मोडक, जयप्रकाश नातू.’ माझं नाव आधी. मी टेबलावर ठेवलं, वर पट्टी ठेवली उडू नये म्हणून, आणि ऑफिसला गेलो. परत आलो तेव्हा तिथंच होतं. असं काय बघतोयस म्हणून बर्नार्डनं ते उचललं, वाचलं आणि म्हणाला, “मिळालं ना तुला? खलास. आता गप बस.”

मी गप बसलो. आठवडा झाला, पत्र लिहायला आज बसलो.

तू लिहितोस की पावसाळी फेरी सुरू केलीस. जूनच्या मध्यापर्यंत चार वाटा झाल्या. ताप येऊन गेला. सुनी चिडलीय. छापखान्याला दसऱ्याची मुदत दिलीय आणि तोवर उरलेल्या अठरा पुऱ्या करणार. दर रविवारी दोन, ऑफिसची रजा टाकून कधी तीन. “चूक ठेवून तुझ्या नावानं पुस्तक काढणार नाही,” हे तुझं वाक्य मी तीनदा वाचलं.

पूर्वीचा मी असतो तर म्हटलं असतं, काय हा शहाणपणा. आता काय म्हणू?

झऱ्याचं पाणी या वर्षी कमी झालंय. सगळीकडं बोअर घेतायत, वरची पायरी उघडी पडली. दोन वर्षांपूर्वी जिथं पाट भरून वाहायचा तिथं मी परवा कोरड्या पायानं उतरलो आणि उभा राहिलो. इथली म्हातारी माणसं येऊन बघतात आणि जातात. मी त्याचा नकाशा पुन्हा केला नाही. हात लावावासा वाटला नाही.

मी दसऱ्याला येतोय. सुटी मंजूर झाली, तिकीट कंपनी देईल. पुण्यात आलो की तुझ्याकडं येतो, समोर बसून सगळं सांगतो. पानाबद्दल पण. पत्रात लिहिण्यासारखं नाही ते. सुनीला म्हणावं, मी जेवायला आहे. अळूची भाजी कर म्हणावं, इथं अळू मिळत नाही.

तोवर बाकीच्या वाटा राहू दे, असं लिहिणार होतो. पण तू कुठं ऐकणार आहेस. जिथं जाशील तिथं काठी ने.

तुझा
राजन

* * *

उम्म अल हस्सम
शुक्रवार, २१ ऑगस्ट १९८१

चि. सुनी,

तार मंगळवारी मिळाली. नऊ तारखेचं अकरा तारखेला कळवलंस, इथं पोचायला आठवडा गेला. कंपनीच्या पेटीत पडून होती.

लगेच निघता आलं नाही. पासपोर्ट कंपनीकडं असतो, मालक लंडनला, त्याच्या सहीशिवाय मिळत नाही. मी विचारलं. एकदा विचारलं.

काय लिहू? आई गेली तेव्हा तू मला लिहिलं होतंस की दादा तू नव्हतास पण जयानं सगळं केलं. आता कुणी केलं? जयाचे भाऊ आले होते का? तू जेवतेस का?

इतक्या पावसात ओढ्यात उतरायची त्याला काय गरज होती, मला कळत नाही. तो सावध माणूस. पोहणारा. मी जुलैत त्याला लिहिलं होतं, काठी ने म्हणून. ते पत्र तुला सापडेल.

बर्नार्ड आणि जोसेफीन दोघांनी इथल्या चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा, म्हणजे त्यांची प्रार्थना, सांगितली. तो तुमच्यातला नव्हता तर चालेल का म्हणून मी विचारलं, तर जोसेफीन म्हणाली, देवाला चालतं, तुम्हाला चालतंय का बघा. मी मागच्या बाकावर बसलो. नाव वाचताना फादरनी ‘नातू’चं ‘नाटू’ केलं.

दसऱ्याची सुटी मी रद्द केली. आता येऊन काय करू?

दादा

* * *

उम्म अल हस्सम
शुक्रवार, ६ नोव्हेंबर १९८१

सुनी,

तुझं पत्र येऊन सोळा दिवस झाले. उत्तराला उशीर का, ते सांगतो. सगळं सांगतो, मधे थांबू नकोस.

तू लिहिलंस की जयाची पिशवी पोलिसांनी परत दिली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पुस्तक कोरडं होतं. आत माझं ते वर्तुळाचं पत्र, घडी घालून पान त्रेसष्टवर ठेवलेलं. वाट चौदावी, उंबराच्या उतारापाशी ओढा ओलांडायची जागा. तो तिथंच गेला. त्याच्या वहीत प्रत्येक वाटेपुढं दोन खुणा, एक उन्हाळ्याची, एक पावसाळ्याची, आणि चौदावीपुढं एकच. छापखाना थांबलाय. आणि मग तुझ्या त्या ओळी: “दादा, कोणतं पान? त्रेसष्टच ना? दुरुस्त करून छापायचंय, आणखी कुणी जायला नको. आणि त्याला सापडली होती ना रे चूक? निदान तेवढं तरी सांग.”

मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. “होय, पान त्रेसष्ट. त्यानं ओळखलं.” एवढंच. सोपं होतं. पान तूच सांगितलं होतंस, मला फक्त हो म्हणायचं होतं. तुलाही बरं वाटलं असतं. बर्नार्ड नाताळाआधी सुटीवर निघालाय, त्याच्या हाती द्यावं म्हणून वर गेलो. हातानं दिलेलं पत्र हरवत नाही.

तो म्हणाला, “चूक काय होती रे, मला तर कधी सांगितली नाहीस.” मी सांगायला लागलो. उतार, पाण्याची खोली, उंबराचं झाड, काय वाट्टेल ते. बर्नार्ड किनाऱ्यावरचा माणूस आहे, पाण्याचं खोटं त्याला लगेच कळतं. त्यानं दोन प्रश्न विचारले आणि माझी थाप तिथंच उघडी पडली. मग त्याला खरं सांगितलं. जोसेफीन आतून बाहेर आली आणि परत आत गेली. शेवटी बर्नार्ड म्हणाला, “आमच्यातला असतास तर फादरकडं कन्फेशनला पाठवलं असतं. तू नाहीस आमच्यातला. मग ज्याचं आहे त्याला सांग. तो नाही, तर तुझी बहीण आहे.” ते पत्र त्यानं घेतलं नाही. माझ्या हातात परत दिलं.

सुनी, पुस्तकात चूक नाही.

मी तीन आठवडे पट्टी लावून शोधली होती. एक सापडावी म्हणून जीव टाकला. सापडली नाही. एकही नाही. त्यानं माझ्या दोन काढल्या होत्या आणि त्या खऱ्या होत्या, देवळाची तर फारच खरी. मला ते सहन झालं नाही. म्हणून वर्तुळ काढलं.

रावजीही असंच करायचे. कधी कधी चूक नसताना वर्तुळ काढायचे, माणूस पुन्हा तपासतो की नाही ते बघायला. ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. जयालाही माहीत होतं, मला खात्री आहे. त्याला पहिल्याच दिवशी वाटलं असणार की राजन थापा मारतोय. पण रावजींच्या वर्तुळानं फक्त जेवणाची सुटी जायची. इथं माणसं पुस्तक घेऊन पाण्यात उतरत होती. थाप आहे असं धरून चालणं त्याला जमलं नसतं. मला ते ठाऊक होतं, आणि त्याच्या त्या स्वभावावरच मी भिस्त ठेवली.

उन्हाळ्यात त्याला काही सापडलं नाही तेव्हा माझी पंचाईत झाली. तेव्हाच खरं सांगायचं होतं. उलट मी लिहिलं की पावसात जा. ते मी पत्र लिहिता लिहिता सुचलं म्हणून लिहिलं. चांगलं वाटलं, म्हणून ठेवलं. जुलैत मुखपृष्ठावर माझं नाव आलं आणि मला कळलं की आता सांगायला हवं, पण लाज वाटली. माझं नाव आधी घालून त्यानं मला गप्प केलं होतं आणि मी त्याला काय लिहिणार होतो, की अरे हे सगळं खोटं होतं, उगीच ताप काढलास? म्हटलं दसऱ्याला समोर बसून सांगू, अळूची भाजी खाता खाता. तो रागावेल, दोन दिवस बोलणार नाही, मग हसेल.

अठ्ठ्याहत्तरची त्याची दोन्ही पत्रं मला मिळाली होती. आजही ट्रंकेत आहेत. पहिल्यात पुस्तकाचं विचारलं होतं आणि खाली तुझ्या हातचं होतं, “दादा, रुसू नकोस, लग्नाला तू नव्हतास तर मंगलाष्टकांच्या वेळी मी दाराकडंच बघत होते.” मी त्याला उत्तर दिलं नाही. तुला द्यावं लागलं असतं म्हणून.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे की त्याला चूक सापडली नव्हती. सापडायला नव्हतीच. मी त्रेसष्ट म्हटलं असतं तर तू ते पान बदललं असतंस, आणि पुढं जो कुणी ते वाचेल त्याला वाटेल की नातूंनी चुकीची जागा लिहिली आणि त्याच जागी ते गेले. जयाच्या पुस्तकात जयाच्या नावानं चूक छापली असती. ते मी करू शकलो नाही. एवढंच एक नाही केलं, बाकी सगळं केलं.

छापखान्याला सांग, त्रेसष्टवं पान आहे तसं छापा. एकवीस वाटा तो दोन्ही ऋतूंत चालला आणि एकवीसही बरोबर होत्या. चौदावीही बरोबरच आहे, उन्हाळ्यात. फक्त तिथं लिही की पावसाळ्यात ओढ्यात उतरू नये. मुखपृष्ठावरचं माझं नाव काढ. मला तो हक्क होता असं मी म्हणत होतो, आता म्हणत नाही.

हे पत्र बर्नार्डबरोबर पाठवतोय. तो वसईहून पुण्याला येऊन तुझ्या हातात देईल. तो उत्तरासाठी थांबणार नाही, मी तसं सांगितलंय.

कोपऱ्यात वर्तुळ नाही. बघून घे.

राजन